बेळगाव दूर, लिस्बन जवळ : डाबोळीच्या हवाई वाटेचा इतिहास



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावर यापूर्वी मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी त्यांच्या पंक्तीत बसणारा नाही. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला एवढीच माझी पुंजी. म्हणून गुरुजींनीच माझ्या मनात पेरलेला एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा, असे मी ठरवले.

ज्यांनी गुरुजींना पाहिले आहे त्यांना त्यांचा दोरा आठवत असेल. त्या काळी शाळेत पृथ्वीचा गोल एकच होता आणि तोही एका बाजूने चेपलेला. गुरुजी खिशातून पांढरा दोरा काढीत, त्याचे एक टोक एका गावावर आणि दुसरे टोक दुसऱ्या गावावर धरायला लावीत आणि दोरा ताणला की तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून अंश मोजायला सांगत. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे कोष्टक आम्हांला पाढ्यासारखे पाठ होते. गोलावर ताणलेला दोरा हीच दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट, नकाशाच्या सपाट कागदावर काढलेली रेघ नव्हे, हे मोठेपणी पुस्तकात वाचण्याआधीच आम्ही बोटांनी शिकलो होतो.

१९६० साली एके दिवशी गुरुजींनी आम्हांला दोन अंतरे मोजायला दिली. गोव्याहून लिस्बन भरले पंचाहत्तर अंश, म्हणजे सुमारे ८,३४० किलोमीटर. गोव्याहून बेळगाव एक अंशही भरेना. सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. गुरुजींनी विचारले, "यांतले लांबचे गाव कोणते?" सारा वर्ग एका सुरात ओरडला, "लिस्बन!" गुरुजी म्हणाले, "मोजलंत बरोबर. आता जाऊन दाखवा." एवढे बोलून त्यांनी दोरा गुंडाळला आणि खिशात टाकला.

आज त्या एका वाक्याचा अर्थ लावण्याचा मी प्रयत्न करणार आहे. दोन गावांमधले अंतर निसर्गाने ठरवलेले असते. ते चारशे वर्षांपूर्वी होते तेवढेच आज आहे. परंतु ते अंतर तोडायला लागणारा वेळ मात्र मधल्या भूमीवर, मधल्या समुद्रावर आणि मधल्या आकाशावर सत्ता कोणाची, यावर ठरतो. यंत्र त्यात मदत करते, पण यंत्राला वाट कोणीतरी द्यावी लागते. गोव्याच्या इतिहासात १९५५ ते १९६१ ही सहा वर्षे अशी गेली, की शंभर किलोमीटरवरचे बेळगाव दूर झाले आणि आठ हजार किलोमीटरवरचे लिस्बन जवळ आले.

जुनी वाट

प्रथम जुन्या वाटेचे स्मरण करू. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ पोचला. दिवस मोजले तर ३१६ होतात. सरळ दोऱ्याची वाट त्याला उपलब्ध नव्हती. मधला मुलूख इतरांच्या ताब्यात असल्यामुळे आफ्रिका खंडाला वळसा घालणे त्याला भाग पडले. म्हणजे लिस्बन-हिंदुस्थान या प्रवासाचा पहिला अध्यायच मुळी 'वाट मिळत नाही म्हणून घातलेला वळसा' असा आहे.

१५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतल्यानंतर हा प्रवास दरवर्षीचा झाला. गलबते साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून सुटत आणि मोसमी वाऱ्यांचा फायदा घेऊन सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी येत. सहा महिन्यांचा हा प्रवास सुखरूप पार पडला तर ईश्वराचे आभार मानावेत अशी परिस्थिती होती, कारण रोगराई आणि वादळे यांत कित्येकजण वाटेतच दगावत. वारा चुकला तर एक आख्खे वर्ष चुकले.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा वळसा संपला. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला व त्यानंतरच्या दशकात मुरगाव बंदरापासून घाट चढून जाणारी रेल्वे झाली. मुरगाव, मडगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव ही स्थानके आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. कुळ्याला पोर्तुगीज जकात, कॅसलरॉकला इंग्रजी जकात. पेट्या उघडायच्या, दाखवायच्या आणि पुन्हा बांधायच्या. एवढा त्रास सोडला तर बेळगाव हे आमचे घाटावरचे घर होते. लग्ने तिकडे जुळत, पुढच्या शिक्षणासाठी मुले तिकडे जात, मराठी पुस्तके तिकडून येत. त्या काळी लिस्बन हे फक्त टपालाच्या तिकिटावर भेटणारे गाव होते.

१९३० साली मोरेरा कार्दोझो आणि सार्मेंतो पिमेंतेल या दोन पोर्तुगीज वैमानिकांनी एका छोट्या विमानातून लिस्बनहून गोवा गाठले. तेव्हा त्याचे कौतुक झाले, परंतु त्या पराक्रमातून नेहमीची वाट काही निर्माण झाली नाही. गोव्यात विमानतळच नव्हता आणि तो बांधण्याची निकडही कोणाला भासली नव्हती. रेल्वे चालू होती, बंदर चालू होते, मुंबई जवळ होती.

वाटा मिटल्या

निकड भासली ती भारत स्वतंत्र झाल्यानंतर. इंग्रज गेले, पुढे फ्रेंचांनीही आपली ठाणी सोडली; पोर्तुगालचे सालाझार सरकार मात्र हटेना. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या घटनेत दुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. या शब्दच्छलाचा परिणाम पाहा. कायद्याच्या दृष्टीने गोवा हा पोर्तुगालचाच एक प्रांत ठरला, म्हणजे गोव्याहून लिस्बनला जाणे हा 'देशांतर्गत' प्रवास, आणि घाट चढून बेळगावला जाणे हा 'परदेशगमनाचा' प्रवास!

जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यानंतर उरलेसुरले संबंधही तुटले. रेल्वे थांबली, मालाची ये-जा बंद झाली, माणसांना परवान्याशिवाय सीमा ओलांडता येईना.

नाकेबंदीमागचा हेतू कोणता होता हे आपण सारे जाणतो, आणि त्या हेतूबद्दल माझ्या मनात किंतु नाही. परंतु इतिहास सांगताना हेतूबरोबर किंमतही सांगावी लागते. घाटावरून येणारी भाजी आटली आणि बाजारात नेदरलँड्सचे बटाटे आले. सिलोनचा चहा आला, जपानचे सिमेंट आले. लोहखनिजाची बोटी भरभरून निर्यात चालू होती, त्यामुळे पैशाची चणचण सरकारला नव्हती. सातासमुद्रापलीकडचा बटाटा आमच्या घरात शिजत होता आणि बेळगावचा मिळत नव्हता, ही गोष्ट आज विद्यार्थ्यांना खरी वाटणार नाही.

डाबोळीची वाट

अशा वेळी पोर्तुगीज सरकारने वर पाहिले. मुरगावजवळच्या डाबोळीच्या जांभ्या दगडाच्या पठारावर धावपट्टी तयार झाली. दमण आणि दीव येथेही धावपट्ट्या झाल्या. १९५५ साली 'ट्रान्सपोर्तेस एरिओस द इंदिया पोर्तुगेझा' या नावाची, म्हणजे पोर्तुगीज हिंदची स्वतःची विमान कंपनी सुरू झाली. तिची आद्याक्षरे जोडून लोक तिला 'ताईप' म्हणत. डाबोळीच्या विमानतळाला पुढे तत्कालीन गव्हर्नर जनरल बेनार्द गेदेश यांचे नाव देण्यात आले.

या जागेची निवड भूगोलाच्या दृष्टीने मार्मिक होती. डाबोळीच्या पठारावरून पश्चिमेस निघालेले विमान पाहता पाहता अरबी समुद्रावर येते. भारताच्या भूमीवरून उडण्याची त्याला गरज पडत नाही. तेथून दमण सुमारे ५७०, दीव सुमारे ६७० आणि कराची सुमारे १,२७० किलोमीटर. या चारही ठिकाणांना समुद्र लागून आहे. म्हणून ताईपच्या पहिल्या फेऱ्या दमण, दीव आणि कराची याच होत्या. पुढे लिस्बनपर्यंत आणि आफ्रिकेतील मोझांबिकपर्यंत तिची वाट वाढली.

कराचीच का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. भारताबाहेरचा, युरोपच्या दिशेला असलेला सर्वांत जवळचा मोठा विमानतळ तोच होता. युरोपहून पूर्वेकडे जाणाऱ्या अनेक कंपन्यांची विमाने तेथे उतरत, त्यामुळे कराचीला पोचलेल्या प्रवाशाला पुढची वाट मोकळी असे. भारत-पाकिस्तान संबंध लक्षात घेतले तर तेथे अडवणूक होण्याचे कारणही नव्हते.

येथे गुरुजींचा दोरा पुन्हा हाती घेऊ. डाबोळीपासून लिस्बनपर्यंत दोरा ताणला तर तो अरबी समुद्रावरून होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे जातो, तेथून इराणचे आखात, दक्षिण इराक, सीरिया, सायप्रस, ग्रीस, सार्डिनिया आणि स्पेन असा पोर्तुगालला पोचतो. कराची या दोऱ्यावर नाही, ती उत्तरेला आहे. परंतु डाबोळी-कराची आणि कराची-लिस्बन ही दोन अंतरे मिळवली तर बेरीज सुमारे ८,४३० किलोमीटर येते. म्हणजे कराचीच्या वळशाने वाट वाढते ती अवघी नव्वद किलोमीटर! आठ हजारांच्या हिशेबात नव्वद म्हणजे काहीच नव्हे. राजकारणाने भाग पाडलेला वळसा भूगोलाने जवळजवळ फुकट दिला, असा हा योगायोग आहे.

आता वेळेचा हिशेब करू. ताईपकडे हेरॉन, वायकिंग अशी लहान विमाने होती आणि डीसी-४ जातीचे चार पंख्यांचे मोठे विमानही होते. डीसी-४ चा वेग ताशी साडेतीनशे ते पावणेचारशे किलोमीटर. त्याच्या कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यामुळे फार उंचावरून, ढगांच्या वरून जाणे त्याला जमत नसे. हवा खराब असली की प्रवासी हैराण. ८,४३० किलोमीटरला या वेगाने भागले तर नुसत्या उड्डाणाचेच तेवीस-चोवीस तास होतात. त्यात इंधनासाठी वाटेत उतरणे आणि विश्रांती धरली की दोन दिवस सहज जात. गामाचे ३१६ दिवस, गलबतांचे सहा महिने, आगबोटीचे काही आठवडे, आणि आता दोन-तीन दिवस.

आमच्या घरची गोष्ट

याच ठिकाणी मला माझ्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. गुरुजींनी तो दोरा काढला त्याच वर्षी, दिवाळीनंतर, माझी आजी अंथरुणाला खिळली. माझी आत्या बेळगावला दिलेली. आजी दिवसातून दहा वेळा तिचे नाव घेई. वडिलांनी निरोप पाठवला. आत्याने परवान्यासाठी अर्ज केला. परवाने दोन्ही बाजूंना लागत आणि कचेऱ्याही दोन्ही बाजूंना होत्या. एका कचेरीला आजार सिद्ध करणारा कागद हवा, दुसरीला नाते सिद्ध करणारा.

त्याच आठवड्यात आमच्या वाड्यावरच्या एका घरचा मुलगा बहिणीच्या लग्नासाठी लिस्बनहून आला. कराचीपर्यंत दुसऱ्या कंपनीच्या विमानाने आणि तेथून ताईपच्या विमानाने तो डाबोळीला उतरला. लिस्बनहून निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी तो आमच्या ओसरीवर बसून चहा पीत होता. आजी आतल्या खोलीत पडून होती. तिने आवाज ऐकला आणि विचारले, "आली का ती?" माझ्या वडिलांना काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

आजी गेली. तेरावा झाला. त्यानंतर चार दिवसांनी आत्याला परवाना मिळाला. त्यावर प्रवासाचे कारण लिहिले होते: 'आजारी आईस भेटणे.' ते कारणच उरले नव्हते, म्हणून ती आली नाही.

मी ही गोष्ट कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. अशी घरे त्या काळी आमच्या एकट्याची नव्हती. सीमेच्या दोन्ही अंगांना, सावंतवाडीपासून कारवारपर्यंत, अशी शेकडो घरे होती. परंतु गुरुजींचे "आता जाऊन दाखवा" हे शब्द मला पहिल्यांदा कळले ते त्या दिवशी.

दादऱ्याची वाट आणि हेगचा निकाल

जी गोष्ट घराची तीच राज्याचीही. दमण समुद्रावर आहे, तेथे बोट जाते, विमान उतरते. पण दादरा आणि नगर हवेली हे मुलूख आत, भारताच्या भूमीने चारी बाजूंनी वेढलेले. दमणपासून दादरा काही मैलांवर. परंतु त्या काही मैलांची वाट भारताने १९५४ साली दिली नाही आणि तेथे उतरण्यासाठी विमानतळही नव्हता. आठ हजार किलोमीटरवरून गोव्याला कुमक आणू शकणारे पोर्तुगाल दमणहून दादऱ्याला शिपाई पाठवू शकले नाही.

यावर पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. दाव्याचा विषयच 'भारतीय भूमीवरून जाण्याचा हक्क' असा होता. वाट म्हणजे काय, ती कोणाची आणि ती मागण्याचा अधिकार कोणाला, याचा खल जगातल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे झाला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. १९५४ साली खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण तोही भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

मला या निकालातला भेद महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाने माणसाची वाट आणि बंदुकीची वाट वेगवेगळी मानली. आजारी आईकडे जाणारी मुलगी आणि दारूगोळ्याची पेटी एकाच नाक्यावर उभ्या असतात. नाक्यावरच्या शिपायाने त्यांच्यात फरक करावा, एवढीच सामान्य माणसाची अपेक्षा असते.

या सहा वर्षांत एकच गोष्ट सीमेवरून विनापरवाना येत होती, ती म्हणजे ध्वनी. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेबाहेरच्या रानातून, प्रथम आंबोलीच्या बाजूने आणि नंतर कॅसलरॉकच्या बाजूने, 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' हे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. ज्या कॅसलरॉकला आमची गाडी थांबायची बंद झाली होती, तेथूनच तो आवाज आमच्या घरात येत होता. वडील रेडिओ हळू आवाजात लावून दार ओढून घेत.

डिसेंबर १९६१

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरली. त्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी डाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. इमारती वाचवून धावपट्टी निकामी करणे हा उद्देश होता. सहा वर्षे जी हवाई वाट उघडी होती ती बंद झाली. इकडे माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी पूल उडवले. बाणस्तारीचा पूल गेला आणि फोंड्याहून पणजीसुद्धा एका दिवसात दूर झाली.

तरीही त्या रात्री एक अखेरचा प्रवास झाला. विमानतळावर दोन नागरी विमाने उभी होती, एक ताईपचे डीसी-४ आणि दुसरे पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे कॉन्स्टेलेशन. धावपट्टीवरचे काही खड्डे घाईघाईने बुजवण्यात आले आणि अंधारात, उरलेल्या तोकड्या पट्टीवरून, दोन्ही विमाने उडाली. अधिकाऱ्यांची कुटुंबे त्यांत होती. दोन्ही विमाने कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

युद्धकैदी झालेल्या तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिकांना मे १९६२ मध्ये मायदेशी पाठवण्यात आले. तेही डाबोळीहून विमानाने कराची आणि कराचीहून बोटीने लिस्बन, असेच. ज्या वाटेने सत्ता सहा वर्षे तगून राहिली, त्याच वाटेने तिचे शिपाई परत गेले.

१९६२ च्या जानेवारीत माझी आत्या आली. परवाना नव्हता, जकात नव्हती. सकाळी बेळगावहून निघालेली ती संध्याकाळी दारात उभी राहिली. आजीच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसली आणि बाहेर येऊन माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, एवढंसंच होतं रे!" पुढे ती कितीतरी वर्षे येत-जात राहिली, पण ते वाक्य तिने पुन्हा उच्चारल्याचे मला आठवत नाही.

एका शिक्षकाचा परतीचा प्रवास

शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून या विषयावर बोलताना एका शिक्षकाचे स्मरण केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मोहन रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यातील मराठी शाळेत ते शिक्षक म्हणून आले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. आग्वादच्या किल्ल्यात एकांतवास भोगल्यानंतर त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले आणि लिस्बनजवळच्या काशियाश येथील तुरुंगात ठेवण्यात आले.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. गोव्यासाठी लढलेला शिक्षक मात्र ८,३४० किलोमीटरवर कैदेत राहिला. मध्ये किती जलद विमाने निघाली! १९६० मध्येच एअर इंडियाची जेट विमाने मुंबईहून लंडनला जाऊ लागली होती. दिवसांचा प्रवास तासांवर आला होता. रानड्यांना त्याचा काय उपयोग? त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात समिती झाली. सुधीर फडके यांच्यासारख्या कलावंताने त्यासाठी आपली शक्ती वेचली. तमिळनाडूचे अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. अखेर जानेवारी १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. पकडले गेल्यापासून तेरा वर्षांहून अधिक आणि गोवा मुक्त झाल्यापासून सात वर्षांहून अधिक काळ लोटला होता. लिस्बन ते गोवा या प्रवासाला इतका वेळ गामाच्या गलबतालाही लागला नव्हता.

१९७४ साली पोर्तुगालमध्ये हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या सरकारने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करून संबंध पूर्ववत केले. मैत्रीचा धागा जुळला तो असा, एका सहीने.

आज

आता उपसंहाराकडे वळतो. १९६१ नंतर डाबोळी नौदलाकडे गेली आणि तेथूनच नागरी वाहतूकही वाढली. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील दुसऱ्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने उडू लागली. आजच्या जेट विमानाला गोवा-लिस्बन हे अंतर सरळ तोडता आले तर दहा तासांच्या आसपास पुरेत. माणसाने यंत्राच्या बाजूने जे करायचे ते केले आहे.

पण वाटेचा प्रश्न संपला आहे काय? फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यास पूर्ण उघडले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश पुन्हा बंद केले, आणि भारतानेही त्यांच्या विमानांना आपले. दिल्लीहून युरोपला निघालेल्या विमानांना दक्षिणेकडे वळून अरबी समुद्रावरून जावे लागले, इंधन आणि तास दोन्ही वाढले. ज्या कराचीने एके काळी गोव्याच्या पोर्तुगीजांना वाट दिली, तिच्या आकाशात भारतीय विमानाला मज्जाव झाला. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केले, तेव्हा हेलसिंकीहून टोकियोला जाणारे साडेनऊ तासांचे विमान तेरा तास घेऊ लागले. गाव जागच्या जागी, विमान तेच, वाट तेवढी बदलली.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, प्रवासाला किती तास लागतात असा आकडा कोठे वाचाल, तेव्हा तो निव्वळ अंकगणिताचा आकडा समजू नका. त्या आकड्यात करार असतात, भांडणे असतात, कोणाच्या तरी कचेरीत पडून राहिलेला एक अर्ज असतो. भूगोल शिकवताना अंतर शिकवावे, इतिहास शिकवताना वेळ शिकवावा, आणि या दोहोंत फरक का पडतो ते शिकवणाऱ्याला शिक्षक म्हणावे. आपले गुरुजी असे शिक्षक होते.

शाळेच्या कपाटात तो चेपलेला पृथ्वीगोल अजून आहे, असे मला आज मुख्याध्यापकांनी सांगितले. कार्यक्रम संपल्यावर मी तो पाहणार आहे. येताना मी खिशात एक पांढरा दोरा घेऊन आलो आहे; तो मी शाळेतल्या सर्वांत धाकट्या वर्गाच्या हाती देणार आहे. त्यांनी बेळगाव मोजावे, लिस्बन मोजावे, कराचीही मोजावी आणि मग गुरुजींचा प्रश्न एकमेकांना विचारावा.